दोघींचा कोयता

दसरा झाला की माझ्या गिरणीपुढं डब्यांची रांग लागते. तेलाचे जुने पत्र्याचे डबे, रंगाच्या रिकाम्या बादल्या, झाकण हरवलेल्या पिंपाला बांधलेला टॉवेल. एरवी बाया पायलीभर ज्वारी आणतात, दळण होईपर्यंत घरातल्या कागाळ्या सांगतात आणि हलक्या होऊन जातात. या पंधरा दिवसांत मात्र बोलायला कुणाला सवड नसते. हे पीठ घरी खायचं नाही. दिवाळीचा पाडवा झाला की ते ट्रकवर चढणार, लांब खाली साखरपट्ट्यात उसाच्या फडावर जाणार आणि तिथला बाजार सापडेपर्यंत पहिले पंधरा दिवस सगळ्या घराला पुरणार. म्हणून मी ते जरा जाडसर काढते. जाडसर पीठ लवकर कडू होत नाही, असं आमच्या आत्याबाईंचं म्हणणं आहे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं म्हणणं खोडायची हिंमत माझ्यात अजून आलेली नाही.

परवा अशीच पट्ट्याच्या खडखडाटात उभी होते आणि शाळेच्या मागून घणाचा ठोका ऐकू आला. घिसाड्यांची पालं पडली होती. दरवर्षी याच दिवसांत ते येतात, भाता लावतात, आणि गावातले झाडून सगळे कोयते त्यांच्यापुढं येऊन पडतात. तापलेल्या लोखंडाचा वास, वाळत घातलेल्या वाकळींचा वास, घराघरांतून जवस आणि कारळ भाजल्याचा वास. हे तिन्ही वास एकत्र आले की माझे हात अजून आपोआप कंबरेला पदर खोचायला लागतात. मी फडावर जायचं सोडून पाच वर्षं झाली, तरी.

आमचं गाव पालमपासून एसटीनं पाऊण तासावर, माळावर आहे. कागदावर त्याला जुनंच नाव आहे, पण बोलताना सगळे नवं गाव म्हणतात. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा माझा नवरा दहा वर्षांचा होता. आता त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले, तरी गाव नवंच. जुन्या गावात नदीकाठची काळी जमीन होती, पाय टाकला तर घोट्यापर्यंत जाईल अशी. बदल्यात हा माळ मिळाला. इथं कुदळ मारली की ठिणगी उडते. पाऊस बरा झाला तर सोयाबीन येतं, नाही झाला तर तेही नाही, आणि दोन्ही वर्षांत पाडव्यानंतर गाव रिकामं होतं. मागं उरतात म्हातारी माणसं, कुत्री आणि दाराला लावलेली कुलपं.

मी लग्न होऊन आले ती सोनपेठाहून. गोदेकाठची पोर, दहावी पास, बोलायला तिखट. आत्याबाईंनी मला पहिल्या दिवशी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि 'सोनपेठवाली' म्हणून हाक मारली. आमच्याकडं सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायची रीतच आहे, त्यात वाईट काही नाही. पण बाकीच्या सासवांना कधीतरी, निदान सुनेला ताप आला म्हणजे, तिचं नाव आठवायचं. आत्याबाईंना नाही आठवलं. सोनपेठवाली, पाणी आण. सोनपेठवाली, भाजीत मीठ कमी हाय, तिकडं अळणीच खातेत का. नऊ वर्षं झाली, मुलगी शाळेत जायला लागली, तरी मी सोनपेठवालीच. सगळी गल्लीही मला त्याच नावानं ओळखायची. मीही मग हट्टाला पेटून त्यांच्याशी मोजकंच बोलायला लागले. एका चुलीपुढं बसून दोन बायका किती कमी शब्दांत घर चालवू शकतात, हे आमच्या घरी येऊन बघावं.

आणि मग ते वर्ष आलं.

त्या वर्षी सोयाबीन काढायला आलं आणि परतीचा पाऊस थांबेना. शेंगेतच दाण्यांना मोड आले. हातात शेंग दाबली तर हिरवी शेपूट बाहेर यायची. लोकांनी पीक बांधावर टाकून दिलं, जनावरंही तोंड लावीनात. आसपासच्या गावांत रोजगार विचारावा तर तिथंही तीच गत. मग आमचे हे, म्हणजे दत्ताराव, उरलासुरला कडबा तरी भिजू नये म्हणून गंजीवर ताडपत्री ओढायला चढले आणि निसटून खाली आले. परभणीला नेऊन पायाला प्लॅस्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पाय टेकवायचा नाही. घरी आल्यावर ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी भिंतीकडं बघितलं. आमचा कोयता घिसाड्याकडून नुकताच शेवटून, म्हणजे तापवून धार काढून आणलेला, तिथं टांगलेला होता.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं पाचट सोलून मोळी बांधायची, मग दोघांनी मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. बाई एकटी असली तर तिला अर्धा कोयता म्हणतात. अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी घेत नाही. त्या वर्षी मी अर्धी झाले होते, आणि घरात फाल्गुनापर्यंत पुरेल एवढंही धान्य नव्हतं.

व्यंकटी मुकादम आला तो कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी. आमच्याच नव्या गावातला, ह्यांच्या बरोबरीचा, माणूस वाईट नाही. ओट्यावर बसून चहा प्याला, ह्यांच्या पायाची चौकशी केली, आणि मग वही गुडघ्यावर ठेवून, आमच्याकडं न बघता, औंदा तुमचा कोयता धरत नाही, असं म्हणाला. हे खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले. आत्याबाई उंबऱ्यात सुपात ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"मी येते की हिच्यासंगं."

मुकादमाला वाटलं, म्हातारी चेष्टा करायलीय. तसं त्यांना म्हातारी म्हणायचं वय नव्हतं, पन्नाशी उलटली असेल. पण आजवर त्या फडावर कधी आल्या नव्हत्या. आम्ही दोघं जायचो, त्या नातीला घेऊन घरी राहायच्या. मुकादम हसून म्हणाला, "दोन बायांचा कोयता कुटं असतो का मावशी?"

"नसंल," आत्याबाई म्हणाल्या. "औंदापस्नं हाय."

मग मुकादमानं एकेक अडचण काढली. तोडणार कोण, फळीवर चढणार कोण, बाकीच्या टोळीनं तुमच्यासाठी खोळंबायचं का. सगळ्यात शेवटी त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, की रानातल्या कोपीत, एवढ्याशा झोपडीत, दोन बायकाच राहणार म्हणजे राखणीचं काय. यावर आत्याबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. माझ्या वाटंला जायला माझ्या घरचेच भेतेत, बाहेरचं कोण येतंय, असं त्या म्हणाल्या, आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले हे खुदकन हसले.

मला मात्र कुणी विचारलंच नव्हतं. मला राग आला होता. पाच महिने एका कोपीत, एका कोयत्यावर, या बाईबरोबर! पण पर्याय तरी काय होता. मुकादम शेवटी एवढं कबूल झाला, की शेजारच्या गावात एका बागायतदाराचं गुऱ्हाळ दिवाळीआधी लागणार आहे, त्याच्या उसाच्या दोन पट्ट्या आधी तोडायच्या आहेत. त्यातली एक दोघींनी तोडून, बांधून, ट्रॉलीवर चढवून दाखवा. जमलं तर टोळीत घेतो. नाही जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर उभं राहताच आत्याबाईंनी कोयता माझ्या हातातून काढून घेतला. मोठीनं तोडायचं, धाकटीनं बांधायचं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. आणि काय हात चालला त्यांचा! जुन्या गावात ज्वारीच्या कापणीला त्यांच्या बरोबरीनं पात धरायला गडीमाणसं कां कूं करायची, असं मी ऐकून होते. ते खरं होतं. डाव्या मुठीत ऊस, उजव्या हातानं घाव, ऊस आडवा. सपासप. मी मागं पाचट सोलताना धापा टाकायला लागले. ऊन डोक्यावर यायच्या आत पट्टी अर्ध्यावर आली. कपाळाचा घाम पुसून त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात सोनपेठ सगळं आलं.

मुकादम आला. तोडलेल्या जागेत चार पावलं चालला आणि एका बुडख्यावर चपलेचा पाय ठेवून उभा राहिला. उसाचा बुडखा जमिनीच्या चांगला चार बोटं वर होता. त्याच्या शेजारचाही. सगळी पट्टी तशीच, ज्वारीच्या रानात धसकटं उभी राहावीत तशी. "मावशी, साखर तर समदी मागंच ऱ्हायली," एवढंच तो म्हणाला. उसाची गोडी बुडात असते. तो भुईसपाट तोडायचा असतो, बोटभर वर राहिला तरी मालक बोंबलतो, आणि मागं राहिलेल्या बुडख्यातून पुढचं पीकही नीट फुटत नाही. मुकादमानं वही मिटली.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी इतकी वर्षं फार कुणाला सांगितलेली नाही. ती धसकटं मला पहिल्या तासातच दिसली होती. सहा हंगाम केलेली बाई मी, मला दिसणार नाहीत? दिसली, आणि मी गप्प बसले. त्या ऐकणार नाहीत हे एक कारण. दुसरं कारण असं, की त्यांचा तो दिमाख एकदा तरी खाली यावा असं मला आतून वाटत होतं. तो आला, आणि त्याच्याखाली मीही आले. घरात धान्य नाही, नवरा खाटेवर, आणि मी सासूची फजिती बघायला तोंड शिवून बसले होते. आज गिरणीत उभी राहून हे आठवलं तरी माझे कान गरम होतात.

येताना दोघी बोललो नाही. ओढ्याजवळ आल्यावर त्या पाण्यात पाय सोडून बसल्या आणि माझ्याकडं पाठ ठेवून म्हणाल्या,

"तुला दिसलं व्हतं का?"

"हाव," मी म्हणाले.

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी ऐकलं असतं का?"

त्यांनी पायाचा चिखल पाण्यात चोळून काढला. मग त्या म्हणाल्या, "न्हाई."

त्या एका शब्दानं आमच्या घरात जे मोकळं केलं, ते नऊ वर्षांत झालं नव्हतं. मग त्या आपण होऊन बोलायला लागल्या. ज्वारी कापताना बुड मागं ठेवायचंच असतं, म्हणाल्या. जनावरं ते कुरतडतात, उन्हाळ्यात बाया धसकटं वेचून चूल पेटवतात, राहिलेलं नांगरटीत मातीला मिळतं. सासूनं तसं शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. रान गेलं, धसकटं वेचायला कुणी उरलं नाही, पण हात काही चार बोटांच्या खाली जात नाही. त्यांनी उजवा हात पालथा करून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत राहिल्या. मला त्यांची माया आली. हे लिहायला लाज वाटायचं कारण नाही, मला त्यांची माया आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला हलवलं. चल, म्हणाल्या, हाताला शिकवू. घरच्या रानात तोडायला काय होतं? म्हणून आम्ही धरणाच्या पाण्याकडं गेलो. तिथं काठाला पाणकणीस माजलेलं असतं, पुरुषभर उंच. ज्या पाण्याखाली आमची काळी जमीन आहे, त्याच्याच काठावर चिखलात उभं राहून आत्याबाई कोयता चालवायला शिकल्या. कंबरेत वाकून घाव घालायच्या आणि घाव चार बोटं वर बसायचा. पुन्हा वाकायच्या, पुन्हा तसाच. मी आता तोंड उघडलं होतं. वर गेलं, म्हणायचे. पुन्हा वर गेलं. त्या चिडायच्या, मी चिडायचे. काठावर म्हशी राखणारी एक बाई आमचं भांडण ऐकायला मुद्दाम तिथंच म्हशी आणायला लागली.

तिसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली. उभं राहवेना. तशा त्या मटकन उकिडव्या बसल्या आणि बसल्या बसल्या, रागानं म्हणा किंवा सवयीनं म्हणा, पुढच्या पाणकणसाला घाव घातला. घाव थेट मातीला लागून बसला. त्या पुढं सरकल्या, खुरपणीत बाया सरकतात तशा, एक गुडघा पुढं, एक मागं. दुसरा घाव. तोही मातीला लागून. मी बघतच राहिले. पुरुष कंबरेत वाकून तोडतात, म्हणून आम्हीही वाकत होतो. खुरपायला बसणं तर आमच्या हाडातच होतं, आणि त्या बसण्यातून हात आपोआप जमिनीलगत जात होता.

"आत्याबाई," मी ओरडले, "उठू नका. आसंच."

त्यांनी मागं वळून बघितलं, तोडलेल्या जागेवरून तळवा फिरवला. तळव्याला काही टोचलं नाही. मग ती बाई हसली. लग्नानंतर नऊ वर्षांत मी त्यांना ओठ मिटून हसताना बघितलं होतं, दात दाखवून हसताना तेव्हा पहिल्यांदा. मीही घरातला दुसरा, जुना कोयता आणून त्यांच्या शेजारी बसले. दोघी मिळून तोडायचं, मग दोघी मिळून बांधायचं, कुणी कुणाची वाट बघायची नाही, असं आमचं ठरत गेलं. म्हशीवाली म्हणाली, आता तुमी भांडायच्या न्हाईत तर मी इथं येऊन काय करू.

मुकादमाला पुन्हा तयार करणं सोपं नव्हतं. या खेपेला त्याच्या घरी मी गेले, आणि बोलले. पहिल्या वेळची चूक मला दिसली होती, मी सांगितली नाही, ती माझीही चूक आहे, म्हणाले. गुऱ्हाळाची दुसरी पट्टी अजून उभी आहे, तेवढी द्या. तो चकित झाला असावा. सुना सासवांच्या चुका सांगायला येतात, स्वतःच्या सांगायला कुणी येत नाही.

त्या दुसऱ्या पट्टीला बघायला निम्मं गाव आलं. कुणी उघड आलं, कुणी शेळी शोधायच्या निमित्तानं. आम्ही दोघी बसलो आणि निघालो. सुरुवातीला पोरं हसली. बायांनी ऊस खुरपायला काढलाय, कुणीतरी म्हणालं. दुपारपर्यंत हसणं थांबलं. बसून सरकत तोडणाऱ्या दोन बाया दिसायला संथ दिसतात, पण त्यांना मधे उभं राहून कंबर सरळ करावी लागत नाही. खुरपणीच्या दिवसांत आम्ही सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तशाच तर बसतो. पट्टी संपली, मोळ्या बांधून झाल्या, आणि ट्रॉलीला फळी लागली.

फळी ही माझी. त्यात आत्याबाईंनी काही बोलायचं नाही, असं मी बजावलं होतं. त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याची भलीमोठी चुंबळ करून आणली होती. खालून त्या मोळी उचलून माझ्या डोक्यावर द्यायच्या आणि फळीवर पहिलं पाऊल पडेपर्यंत माझ्या पाठीला हात लावून उभ्या राहायच्या. फळी मधे लवते, तिथं पाय कापतो. सातव्या का आठव्या खेपेला माझा पाय खरंच कापला. मी थांबले. खालून आत्याबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, घाई कुणाला हाय, उभी ऱ्हा. मी उभी राहिले. श्वास आला, पाय आला, मी वर गेले. त्यानंतर शेवटच्या मोळीपर्यंत मला फळी लवलेली जाणवलीच नाही.

मुकादम पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मधे चार ठिकाणी बसून जमिनीवरून तळवा फिरवला. गुऱ्हाळाचा मालक त्याच्या मागं मागं. शेवटी मालकच म्हणाला, की एवढी साफ तोड त्याच्या रानात गड्यांनीही कधी केली नव्हती. मुकादमानं खिशातून वही काढली आणि लिहितो म्हणाला. आत्याबाईंनी एवढ्या बायांसमोर माझ्या डोक्यावरची चुंबळ काढून घेतली, झटकली, आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवून घराकडं चालायला लागल्या. पाटलीणबाईंनी चंद्रहार मिरवावा तशी त्यांनी ती चुंबळ घरापर्यंत मिरवली.

त्या वर्षीची दिवाळी मला सगळ्या दिवाळ्यांहून जास्त आठवते. फराळ असा नव्हताच, गुऱ्हाळवाल्यानं दिलेल्या काकवीत भिजवलेल्या कण्या होत्या. पण घरात काय गडबड! मी वाकळी शिवत होते. आत्याबाईंनी कारळाची चटणी मडकंभर कुटली. आमचे हे प्लॅस्टरचा पाय पुढं पसरून दोन्ही कोयते दगडावर घासत बसायचे, आणि मधेच भाकरी थापायला शिकायचे, कारण आता पाच महिने लेकीला जेवू घालणं त्यांच्यावर होतं. त्यांची पहिली भाकरी तव्यावर चार तुकड्यांत आली. लेक म्हणाली, पप्पा, आपल्या चौघांना एकेक. त्या वर्षीही तिची शाळा एक दिवस बुडली नाही. आता ती परभणीला नर्सिंगचं शिकते आणि भाकरी बापासारखीच करते.

आमच्याकडं घर सोडताना जमीन सारवायची रीत आहे. आतल्या भिंतीपासून सारवत सारवत, मागं मागं सरत, दाराबाहेर यायचं आणि कुलूप लावायचं. परत येऊ तेव्हा सारवणावर कुणाचं पाऊल नसावं, एवढीच इच्छा. त्या वर्षी मी सारवत आले तर मधोमध खाट, खाटेवर नवरा. मी खाटेच्या भोवतीनं सारवलं. हे वरून बघत होते. म्हणाले, माझं बेट केलंस की. आत्याबाई दारातून म्हणाल्या, बेटावरच ऱ्हा, उतरलास तर पाय मोडीन. आम्ही तिघंही हसलो, आणि मग मला रडू आलं, आणि मी सारवणाचं पातेलं घेऊन बाहेर गेले.

हे सगळं मिरवायचं का, असा प्रश्न मला गिरणीवर कुणी कुणी विचारतं. घरदार सोडून लोकांच्या रानात राबायला जाणं ही काही हौस नाही, हे मला कुणी सांगायला नको. पहाटेच्या थंडीत भिजलेलं पाचट हाताला कसं चिरतं ते माझ्या बोटांना विचारा. रान गेलं नसतं तर आम्ही कशाला गेलो असतो. पण जायचंच ठरलं, तर अर्धी म्हणून जाणार नाही, हे आमच्या दोघींनी मिळवलं आणि ते मी मिरवणार. आत्याबाई माझ्याबरोबर सहा हंगाम आल्या. त्यानंतर एका विधवा पोरीला मी जोडीला घेतलं. यंदा व्यंकटी मुकादमाच्या टोळीत दोन बायांचे सहा कोयते आहेत. तो आता त्याबद्दल काही बोलत नाही, फक्त विचारतो, बसून तोडतेत ना? गिरणीवर माझ्या नावाची पाटी आहे. तिच्याखाली दुपारच्या उन्हात आत्याबाई बसलेल्या असतात. दळणाला आलेल्या पोरी त्यांना नवे कोयते दाखवतात, त्या धारेवरून अंगठा फिरवतात आणि बहुतेक वेळा पुन्हा घिसाड्याकडं पाठवतात.

परवा त्यांनी मला मधेच विचारलं, ट्रकपाशी नावं घेतेत का गं अजून? घेतात, मी म्हणाले. आम्हा दोघींना एकच पाडवा आठवत होता.

त्या पाडव्याला दुपारी ट्रक मारुतीच्या पारापाशी लागला. पत्रे, बांबू, चुली, पिंपं, कोंबड्यांच्या पाट्या वर चढल्या. मग मुकादम टपावर उभा राहून वहीतली नावं घ्यायला लागला. नाव गड्याचं घ्यायचं, त्यानं 'हाय' म्हणायचं, मग नवराबायको दोघांनी चढायचं, असं चालत आलेलं. एकेक जोडी चढत गेली. आमची पाळी आली. मुकादमानं सवयीनं पुकारलं, "दत्ता!"

कुणी 'हाय' म्हणालं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. आत्याबाई दोन पावलं पुढं झाल्या.

"त्यो घरी हाय. आमची नावं घे."

मुकादम ओशाळला. पेन काढून म्हणाला, "सत्यभामाबाई. लिहिलं. आन् दुसरी?"

सगळा ट्रक माझ्याकडं बघायला लागला. नवीन लग्न झालेल्या पोरी, त्यांचे नवरे, पारावरची म्हातारी माणसं. त्यातल्या निम्म्यांना माझं नाव माहीत नव्हतं. मी खाली बघितलं. सोनपेठवाली म्हणतील, मला वाटलं, आणि म्हटलं असतं तरी त्या दिवशी मला राग आला नसता. आत्याबाईंनी माझ्या हातातलं गाठोडं स्वतःच्या काखेत घेतलं.

"कुशावर्ता," त्या म्हणाल्या. "नीट लिही. मोठं लिही."

त्यानं लिहिलं आणि टपावरून वाचलं. मी 'हाय' म्हणाले. तीन गल्ल्या पलीकडं, सारवणाच्या मधोमध खाटेवर बसलेल्या आमच्या ह्यांना ते ऐकू गेलं.